प्रमाण घोडा

वजनमापे तपासणी कार्यालयात दर सोमवारी, काम सुरू होण्यापूर्वी, सुट्टीत पाहिलेल्या सिनेमाविषयी मत देण्याचा प्रघात होता. त्यात वावगं काही नव्हतं. माणूस सिनेमा बघतो म्हणजे त्याला मत होणारच, आणि मत झालं की ते दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जगातल्या सगळ्याच कार्यालयांत हे चालतं आणि कुणाचं काही बिघडत नाही.

या कार्यालयात मात्र बिघडलं. एका सोमवारी भांडारपाल म्हणाला, "काय सिनेमा आहे राव! तोड नाही." त्याच सिनेमाला हेडक्लार्क म्हणाले, "बंडल." शब्दाने शब्द वाढला. भांडारपालाने तावातावाने हातातलं पितळी वजन टेबलावर आपटलं, ते गडगडत फरशीवर गेलं आणि त्याच्या कडेचा टवका उडाला. आता हे काही साधंसुधं वजन नव्हतं. त्या भागातली सगळी वजनं ज्याच्याशी ताडून पाहायची, ते हे प्रमाण वजन. एवढ्याशा टवक्याने त्या भागातला प्रत्येक दुकानदार उभ्याउभ्या चुकीचा ठरला.

साहेबांनी प्रकरण गांभीर्याने घेतलं. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. 'वजनमापांच्या कार्यालयात, एकाच छपराखाली, एकाच वस्तूची दोन मापं निघणं ही लाजिरवाणी बाब आहे. सबब यापुढे प्रत्येक सिनेमाचं एकच प्रमाण मत राहील. कर्मचाऱ्यांनी आपापली मतं त्याच्याशी पडताळून मगच व्यक्त करावीत.'

प्रमाण मत आणायचं कुठून, असा प्रश्न आला. तो साहेबांच्या बायकोने घरच्या घरी सोडवला. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे साहेबांचा मेहुणा, बरेच दिवस रिकामा होता. कशातच गुंतलेला नसल्यामुळे तो निःपक्षपाती आहे, यावर नवरा-बायकोचं एकमत झालं. मेहुण्याने शुक्रवारी पहिला खेळ बघायचा, ताईला फोन करायचा, ताईने साहेबांना सांगायचं, आणि सोमवारी सकाळी फलकावर मत लागायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं कार्यालय त्या मताचं झालेलं असायचं.

अर्थात, काट्याला असतो तसा मतालाही मान्य फरक ठेवला होता. कार्यालय अगदीच हुकूमशाहीने चालत नव्हतं. फलकावर 'बरा' असेल तर 'तसा बरा' किंवा 'बऱ्यापैकी' म्हणायची मोकळीक होती. 'चांगला' म्हणायचं असेल तर आधी विचारावं लागे. थोड्याच दिवसांत लोकांच्या लक्षात आलं की मत जर आयतं मिळतंय, तर सिनेमा बघायचं काही कारणच उरत नाही. कार्यालयातले सिनेमाचे शौकीन वाढत गेले आणि सिनेमाला जाणारे कमी होत गेले. भांडणं मिटली. साहेबांचं वरून कौतुक झालं.

या सगळ्याचा तपासनिसांना कधी त्रास झाला नव्हता. तपासनीस म्हणजे कार्यालयातला सगळ्यात जुना माणूस. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, खरा निघाला तर त्यावर मुद्रा ठोकायची, खोटा निघाला तर जप्त करायचा, यात त्यांचे केस पिकले होते. काटा स्थिर होईपर्यंत ते श्वास धरून उभे राहात. आपल्या फुंकरीनेही पारडं हलायला नको! पारड्यावर हळूच बोट टेकवणारा दुकानदार दिसला की त्यांचं पित्त खवळायचं. सिनेमाचं म्हणाल तर त्यांना त्यात फारसा रस नव्हता. फलकावर असेल ते मत, असा त्यांचा साधा हिशेब. मेहुण्याचं मत वाचायचं, मान हलवायची, कामाला लागायचं.

आणि अशा माणसाची लेक सिनेमात चमकली.

चमकली म्हणजे, दिसली. दवाखान्यातल्या एका प्रसंगात ती नर्स होती. खोलीचं दार उघडायचं, भेटायला आलेल्या माणसाला म्हणायचं, "आत या, पण त्यांना फार बोलायला लावू नका," आणि बाजूला व्हायचं. संपलं काम. पण तेवढ्याशा कामाने तिने घर डोक्यावर घेतलं होतं. कधी 'आत या'वर जोर, कधी 'फार'वर जोर. आरशासमोर, ओट्यापाशी, जिन्यात. तपासनिसांची बायको दूधवाल्याला दार उघडायची तर तिच्याही तोंडून "आत या, पण" एवढं निघून जायचं आणि दूधवाला दारातच घुटमळायचा.

पोरगी कार्यालयाला परकी नव्हती. लहानपणी शाळा सुटली की ती थेट बाबांकडे यायची, वजनांच्या खोलीत बसून बारकी बारकी वजनं एकावर एक रचायची. आस्थापना शाखेच्या बाईंनी तिच्या वेण्या घातल्या होत्या. हेडक्लार्कांनी तिला पाढे शिकवले होते, तेही चुकीचे. एवढीशी होती म्हणून सगळे तिला छटाकी म्हणायचे. तेव्हा सोमवारी काय होणार हे तपासनिसांना अगदी स्पष्ट दिसत होतं. कुणीतरी म्हणणार, "अहो, त्या सिनेमात आपली छटाकी आहे की काय?" मग आपण म्हणायचं, "असेल, असेल," आणि ड्रॉवरमधून मिठाईचा पुडा काढायचा.

"तुम्ही आधीच सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"मी सांगितल्यावर ते छान म्हणणारच. त्यात काय अर्थ?" तपासनीस म्हणाले. "ते पारड्यावर बोट ठेवल्यासारखं झालं. त्यांनी आपणहून ओळखू दे. ते खरं वजन."

शनिवारी तिघं जाऊन सिनेमा बघून आले. एक बाप आणि त्याच्याशी अबोला धरलेला मुलगा, अशी गोष्ट होती. निम्मा सिनेमा दवाखान्यात आणि निम्मा चौथ्या मजल्यावरच्या घरात. लेक पडद्यावर आली, दार उघडलं, वाक्य बोलली, आणि तपासनिसांच्या डोळ्यांत असं पाणी आलं की पुढचा बराचसा सिनेमा त्यांना धूसरच दिसला. शेवटी नावं आली. 'नर्स' असं लिहून पुढे मुंगीएवढ्या अक्षरांत तिचं नाव होतं. तिघंही उभं राहून ते वाचत होते, आणि झाडूवाला त्यांना बाहेर जायला सांगत होता. इतका आनंद तपासनिसांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, पुडा ड्रॉवरमध्ये ठेवून तपासनीस फलकापाशी गेले. फलकावर लिहिलं होतं, 'सिनेमा उत्तम. घोड्याचं काम अप्रतिम. घोडा मरतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. मध्यंतरानंतर किंचित लांबला आहे.'

तपासनिसांनी चष्मा पुसला. सिनेमाचं नाव पुन्हा वाचलं. नाव तेच होतं. त्यांनी सगळा सिनेमा पहिल्यापासून आठवून पाहिला. दवाखाना. चौथा मजला. लिफ्टही बंद होती. घोडा येणार कुठून?

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि घोडा सुटला.

"मी तर रुमाल भिजवला हो," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. "त्याचे ते डोळे! माणसाला जमणार नाही असं काम केलंय त्याने."

"मरताना मान कशी टाकतो ते बघितलंत ना?" हेडक्लार्क म्हणाले. "मी माझ्या मुलाला म्हटलं, बघ, याला म्हणतात अभिनय."

भांडारपाल म्हणाला, "तसा उत्तमच." तो मान्य फरकाच्या आतच राहायचा. टवक्याची चौकशी अजून चालू होती.

तपासनिसांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग शक्य तितक्या सहज म्हणाले, "बाई, तो दवाखान्यातला प्रसंग कसा वाटला? ती नर्स दार उघडते तो?"

"नर्स?" बाईंनी आठवून पाहिलं. "घोड्याची का?"

"घोड्याला नर्स नसते," हेडक्लार्क म्हणाले. "घोड्याचा डॉक्टर असतो. तो होता की."

तपासनिसांना राहवलं नाही. "अहो, पण त्या सिनेमात घोडाच नाहीये."

सगळ्यांचे घास हातातल्या हातात राहिले. बाईंनी डब्याचं झाकण लावून टाकलं, उघडं राहिलं तर कुणी तरी त्यांनाही साक्षीदार धरील अशा धास्तीने. हेडक्लार्क हळूच म्हणाले, "डुलकी लागली असेल हो. लागते कधीकधी. आपलं वय झालं."

"डुलकी नाही लागली. मी टक्क जागा होतो."

हे बोलायला नको होतं. डुलकी लागली म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं. तासाभरात साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब तसे चांगले होते. कुणालाही उभं ठेवून झापायचे नाहीत. बसवून झापायचे. "बसा, तपासनीस," ते म्हणाले. "इतकी वर्षं काटे तपासताय. मला एक सांगा. प्रमाण वजन ठेवलं आणि दुकानदाराच्या काट्याने वेगळा आकडा दाखवला, तर चूक कुणाची धरायची?"

"काट्याची, साहेब."

"वजनाची नाही?"

"प्रमाण वजनाची चूक नसते, साहेब."

"बरोबर. प्रमाण मत सांगतं, घोडा आहे. तुम्ही सांगता, नाही. आता?"

तपासनीस गप्प बसले. हेच वाक्य त्यांनी स्वतः किती तरी दुकानदारांना ऐकवलं होतं आणि त्यांचे काटे उचलून आणले होते. ते दुकानदारही असेच गप्प बसायचे.

"सिनेमा बघताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का?" साहेबांनी मायेने विचारलं.

"आलं होतं."

"झालं तर मग! प्रमाण मतानुसार डोळ्यांत पाणी कधी येतं? घोडा मरतो तेव्हा. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घोडा मेल्याशिवाय का आलं? की दुसरं काही कारण आहे?"

दुसरं कारण ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की संपलं. मग कुणी आपणहून ओळखायचा प्रश्नच राहिला नसता. तपासनीस म्हणाले, "कारण नाही, साहेब. पण घोडाही नाही."

साहेबांनी त्यांना डोळे तपासून यायला सांगितलं. डॉक्टरने अक्षरं वाचून घेतली, ती त्यांनी तळच्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरने लहान मुलांसाठी ठेवलेला चित्रांचा तक्ता काढला आणि एका चित्रावर छडी ठेवली. तपासनीस म्हणाले, "घोडा." डॉक्टरने दाखला दिला, 'दृष्टी उत्तम. घोडा ओळखता येतो.'

या दाखल्याने तपासनिसांची उरलीसुरली बाजूही लंगडी केली. "म्हणजे दिसत नाही असं नाही," हेडक्लार्क दाखला वाचून म्हणाले. "दिसतो आणि तरी सांगत नाहीत. हे जास्त गंभीर आहे." त्या दिवसापासून तपासनिसांची मुद्रा, तो पोलादी ठसा, साहेबांच्या कपाटात गेली. ज्याचा स्वतःचा काटा झुकलेला, त्याने दुसऱ्याचे काटे कसे तपासायचे? तपासनीस टेबलाशी रिकामे बसू लागले. बाईंनी त्यांच्या शेजारी डबा खायचं बंद केलं. ड्रॉवरमधला पुडा तसाच होता आणि घरी लेक रोज विचारत होती, "बाबा, कुणी काही म्हणालं का हो?"

"अजून सगळ्यांनी बघितलेला नाही, बाळ," ते सांगायचे. निदान हे तरी खोटं नव्हतं.

शेवटी त्यांनीच साहेबांपुढे प्रस्ताव ठेवला. सगळ्यांनी मिळून एकदा सिनेमा बघावा. साहेब आधी दचकलेच. सिनेमा बघून सिनेमाविषयी ठरवायचं ही कल्पना त्यांना जरा आडवळणाची वाटली. पण हेडक्लार्कांनी तिला 'संयुक्त स्थळपाहणी' असं नाव दिल्यावर ती नियमात बसली. एका दुपारी कार्यालयाला कुलूप लावून सगळे थिएटरात गेले.

मध्यंतरापर्यंत घोडा आला नाही. दिवे लागले तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. सगळे बाहेर चहाला गेले, आणि तिथे शेजारच्या हॉलच्या दारावर तपासनिसांना तो दिसला. भिंतभर पोस्टर होतं. काळाभोर घोडा, कपाळावर पांढरा ठिपका, मागे पेटलेलं रान. तपासनीस ओरडलेच, "साहेब! हा बघा घोडा! घोडा या सिनेमात आहे. तुमचे मेहुणे चुकून शेजारच्या हॉलात शिरले!"

साहेबांनी पोस्टर नीट पाहून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे घोडा आहे, हे तुम्हाला मान्य आहे."

"आहे, पण इथे."

"नोंद घ्या," साहेब हेडक्लार्कांना म्हणाले. "घोड्याचं अस्तित्व तपासनिसांनी साक्षीदारांसमक्ष मान्य केलं. राहता राहिला हॉलचा प्रश्न. तो तपशिलाचा आहे."

मध्यंतरानंतर सगळे सावरून बसले. पोस्टर बघितल्यामुळे आता प्रत्येकाला घोडा कसा दिसतो हे पक्कं कळलं होतं आणि तो कुठल्याही क्षणी येईल अशी आशा वाटत होती. पडद्यावर दवाखान्याचा बोळ आला. तपासनिसांनी पडद्याकडे पाहिलंच नाही; ते मान वळवून आपल्या माणसांची तोंडं बघत राहिले. बोळातून पावलांचा टॉक टॉक आवाज आला. साहेब पुढे सरकले. बाईंनी रुमाल काढून तयार ठेवला. भांडारपाल अर्धवट उठला. दार उघडलं आणि अख्ख्या रांगेने श्वास रोखला.

"आत या," छटाकी पडद्यावरून म्हणाली, "पण त्यांना फार बोलायला लावू नका."

हेडक्लार्क वाकून तिच्या पाठीमागे बघत होते. तिथे घोडा नव्हता. ती बाजूला झाली, आणि सगळी रांग हिरमुसून मागे टेकली. ज्या पोरीच्या वेण्या आपण घातल्या ती समोर भिंतीएवढी उभी असताना बाई रुमालाची घडी घालत होत्या. घोड्यामुळे वाटला नव्हता एवढा अपमान तपासनिसांना त्या अंधारात वाटला.

सिनेमा संपून नावं सुरू झाली तसे सगळे उठले. बाहेर आल्यावर जो तो घड्याळ बघू लागला. हेडक्लार्कांनीच कोंडी फोडली. "कापलाय," ते म्हणाले.

"काय?"

"घोडा. लांबला होता ना मध्यंतरानंतर? फलकावर होतंच तसं. या लोकांनी कापताना नेमका घोडाच कापला."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "तरी म्हटलं, मी पाहिला तेव्हा तर होता," बाई म्हणाल्या. "मेलं चांगलं तेवढंच कापतात."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत पाहणीचा अहवाल वाचून झाला. 'पाहणीच्या वेळी घोडा अनुपस्थित होता. त्याच्या अनुपस्थितीने त्याच्या कामाची थोरवी अधिकच जाणवली. घोड्याचा भाग वगळून त्या जागी, दार उघडणारी कुणी एक नर्स घुसडण्यात आली आहे. कथानकाला तिची काहीही आवश्यकता नाही. थिएटरने सदर नर्स तातडीने काढून टाकावी.'

"आणि ते काढतील?" तपासनिसांनी विचारलं.

"न काढून सांगतात कोणाला? त्यांच्या उपाहारगृहातला वजनकाटा आपल्याच मुद्रेवर चालतो," साहेब म्हणाले आणि कपाट उघडून त्यांनी तो ठसा टेबलावर ठेवला. "घ्या. बाहेर जाणाऱ्या अहवालावर मुद्रा तुमचीच लागते. उमटवा आणि लागा कामाला. झालं गेलं विसरून जाऊ."

तपासनिसांनी ठशाला हात लावला नाही. "साहेब, ती नर्स म्हणजे माझी लेक आहे," ते म्हणाले. "आपली छटाकी."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का!" ते म्हणाले. "छान केलंय तिने काम. अप्रतिम!"

"अगोबाई, छटाकी होय ती!" बाईंच्या हातात रुमाल आलासुद्धा. "तरीच मला ओळखीची वाटत होती. मी तर रुमाल भिजवला हो. माणसाला जमणार नाही असं काम केलंय तिने!"

"याला म्हणतात अभिनय," हेडक्लार्क म्हणाले. "घोड्यावरून उतरते तेव्हा काय ऐटीत उतरते!"

"घोड्यावर शोभतेच ती," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून धीट."

"तशी अप्रतिमच," भांडारपाल म्हणाला.

मिठाईची मागणी झाली. तपासनिसांनी पुडा आणला. तो इतक्या दिवसांचा होता की वड्यांचे दगड झाले होते. साहेबांनी एक तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाले, "ताजी आहे." सगळ्यांनी एकेक घेतली. कडाकडा आवाज करत सगळे म्हणाले, ताजी आहे.

नवा मजकूर तिथल्या तिथे तयार झाला. 'सिनेमा उत्तम. घोडा आणि नर्स, दोघांचंही काम अप्रतिम.' नर्स काढण्याची शिफारस खोडली. आता फक्त मुद्रा हवी होती.

"साहेब, एवढा घोडा गाळला तर?" तपासनीस अजीजीने म्हणाले.

"अभिप्राय अखंड असतो, तपासनीस," साहेब म्हणाले. "घोडा खोटा म्हणालात, तर त्याच ओळीतली नर्स खरी कशी राहील? मग जुना अहवाल आहेच. बघा, तुम्हीच ठरवा."

तपासनिसांनी ठसा उचलला. जन्मभर हा हात पारड्यापासून वीतभर लांब राहिला होता. ज्या दुकानदारांचे काटे उचलून आणले, त्यांचीही कुणाकुणाची लेक असेल, हे त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं. त्यांनी ठसा ठेवला आणि दाबला. चांगला ठळक उमटला.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. "बाबा, आज तरी?"

"सगळ्यांना आवडलीस," ते म्हणाले. "बाई तर रडल्या."

"खरंच? तुम्ही नाही ना सांगितलंत? त्यांनी आपणहून ओळखलं?"

"आपणहून," तपासनीस म्हणाले आणि पायातले बूट काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"आई, ऐकलंस का?" पोरीचा आनंद घरात मावत नव्हता. "सगळ्यांचं सांगितलंत, बाबा. तुम्हाला कशी वाटले ते सांगाच आता. खरं खरं."

तपासनिसांना किती तरी सांगायचं होतं. ती दारात उभी राहिली तेव्हा वजनांच्या खोलीतली एवढीशी पोर कशी डोळ्यांपुढे आली, पुढचा सिनेमा कसा दिसलाच नाही, सगळं. त्यांनी तोंड उघडलं.

"उत्तम," ते म्हणाले. "काम अप्रतिम. मध्यंतरानंतर किंचित..."

पोरगी हसली. तिला वाटलं, बाबा थट्टा करतायत.

तपासनीस अजून नोकरीत आहेत. सिनेमा अजून चालू आहे आणि भेटेल तो माणूस त्यांना म्हणतो, बघितला, छान आहे. तपासनीस वाद घालत नाहीत. ते फक्त एवढंच विचारतात, "ती नर्स दार उघडून काय म्हणते हो?" समोरचा माणूस डोकं खाजवतो आणि मग घोड्याविषयी बोलायला लागतो. घोडा कसा काळाभोर होता, कपाळावर पांढरा ठिपका होता, ते सगळं तो बिनचूक सांगतो.

तुम्ही तर तिचं वाक्य दोनदा वाचलंत. कधी भेटले तर ते तुम्हालाही विचारतील. सांगा, ती काय म्हणाली? मागे जाऊन बघायचं नाही.